तरणतलावाच्या टाइल्सवरील पांढरा थर
चंदगड तालुका सह्याद्रीतील, जांभ्या दगडाचा आणि मुबलक पावसाचा. पावसाचे पाणी मृदू. मग त्याने भरलेल्या तरणतलावाच्या टाइल्सवरही पांढरा थर का चढतो? मृदू पाणी सांध्यांतील सिमेंटमधून कॅल्शियम ओढून घेते. जंतुनाशक ब्लीचिंग पावडरीतूनही ते मिसळते. पाण्याची वाफ होताच काठालगत कॅल्शियम कार्बोनेट उरते.

थरावर व्हिनेगरचा थेंब टाकावा. फसफसल्यास हाच क्षार समजावा. पाण्याची पातळी उतरवून व्हिनेगरने भिजविलेले फडके थरावर काही वेळ ठेवावे, मऊ ब्रशने घासून लगेच धुवावे. मात्र आम्ल आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र आणू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ दरम्यान राखल्यास थर सावकाश धरतो.