तूप मोजून दिवाळी

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की पिठाच्या गिरणीत एक वाक्य सारखं ऐकू येतं, ‘गव्हावर टाकू नका हं.’ चकलीच्या भाजणीचा डबा घेऊन आलेल्या बाईला ती तांदळावर नाहीतर हरभऱ्याच्या डाळीवर दळून हवी असते. गिरणीत आधीचं गव्हाचं पीठ राहिलेलं असेल तर ते भाजणीत उतरतं आणि चकलीचा खुसखुशीतपणा जातो. म्हणून ती बाजूला थांबते. कुणाची तरी डाळ येते, दळून होते, मग ती आपला डबा पुढे करते. अर्धा तास जातो, पण बाजारातल्या तयार भाजणीचे पैसे वाचतात आणि चकली हवी तशी होते.

बेताच्या पैशात फराळ कसा करायचा, असं विचारलं की ‘पदार्थ कमी करा’ हा सल्ला पटकन मिळतो. ज्या घरात वर्षातून एकदाच सगळे डबे भरतात, त्या घराला हे सांगणं जिवावर येतं. त्याआधी पैसा नेमका कशात जातो, ते तरी पाहायला हवं.

बेसनाचे लाडू घ्या. अर्धा किलो बेसन, पाव किलो तूप आणि ४०० ग्रॅम साखर यांत साधारण तीस-पस्तीस लाडू होतात. २०२५च्या दिवाळीतल्या ढोबळ भावांनी बेसनाचे ५० रुपये झाले, साखरेचे २० आणि तुपाचे दीडशेच्या वर. म्हणजे काजू-बेदाणे न धरताच लाडवाच्या खर्चात जवळजवळ दोन तृतीयांश वाटा एकट्या तुपाचा. त्या वर्षी २२ सप्टेंबरपासून तुपावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तरी हे गणित फारसं हललं नाही.

इथे सुगरणीचा हात कामी येतो. डाळ थोडी भाजून रवाळ दळून आणली तर ते बेसन बारीक पिठाइतकं तूप ओढत नाही. सगळं तूप सुरुवातीलाच ओतायचं नाही. निम्म्या तुपावर, मंद आचेवर बेसन हलवत राहायचं. आधी ते कोरडं आणि जड लागतं, मग हळूहळू सैल होतं, कडेनं तूप सुटायला लागतं आणि खमंग वास घरभर जातो. लागेल तसं उरलेलं तूप मग चमच्या-चमच्यानं. शेवटी दुधाचा हबका मारला की बेसन फसफसून फुलतं आणि लाडू दाणेदार होतो. घाई करून आच वाढवली तर बेसन वरून लाल आणि आतून कच्चं राहतं. मग टाळूला चिकटणारा तो लाडू कितीही तूप घातलं तरी सुधारत नाही.

याहून स्वस्त वाट पाकातल्या रवा-बेसन लाडवांची. बांधायचं काम इथे तुपाऐवजी साखरेचा एकतारी पाक करतो, त्यामुळे तूप निम्म्यावर येतं. पाकाचा थेंब अंगठा आणि बोटात धरून बोटं लांबवली की एक तार दिसली पाहिजे. तार दिसली की गॅस बंद. त्यापुढे गेलेला पाक लाडवाचा दगड करतो. या लाडवाला कमी प्रतीचा मानायचं काही कारण नाही. कितीतरी घरांत मुलं आधी याच डब्यात हात घालतात.

दुसरा मोठा खर्च तेलाचा, आणि तो घराच्या हातात नसतो. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल आयात करतो. १४ सप्टेंबर २०२४ला कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं एकूण आयातशुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर गेलं आणि दीड महिन्यावर दिवाळी होती. तेलबियांच्या शेतकऱ्याला भाव मिळावा हा त्यामागचा हेतू रास्त होता, पण त्या वर्षी कढईत तेल ओतताना हात आखडला तो याच कारणानं. मे २०२५च्या अखेरीस ते शुल्क १६.५ टक्क्यांपर्यंत खाली आलं.

कढईतलं तेल किती खर्ची पडेल, हे मात्र बरंचसं तळणाऱ्याच्या हातात असतं. पदार्थ तेलात असताना त्यातल्या पाण्याची वाफ जोरानं बाहेर पडत असते आणि ती तेलाला आत शिरू देत नाही. पदार्थ बाहेर काढला की वाफ थंडावते, आत पोकळी होते आणि पृष्ठभागावरचं तेल तेव्हा आत ओढलं जातं. म्हणजे चकली तेल ‘पिते’ ती मुख्यतः कढईतून निघाल्यावर. म्हणून चकल्या काढल्या की झारा कढईवरच तिरका धरून चांगल्या निथळायच्या आणि मग चाळणीत उभ्या ठेवायच्या. तेल पुरेसं तापलेलं नसेल तर वाफेचा जोरच नसतो आणि चकली तेलकट होते. मोहन जास्त झालं तर ती तेलात विरघळते, कमी झालं तर दाताला कडक लागते.

तळण्याचा क्रमही घरोघरी ठरलेला आहे. आधी शंकरपाळे आणि करंज्या, मग शेव, शेवटी चकली. तिखट-हळदीचे पदार्थ मागे ठेवले की एकाच तेलात सगळं निघतं. उरलेलं तेल गाळून चार दिवसांत फोडणीला संपवायचं.

चिवड्याला तर तळणही लागत नाही. पातळ पोहे चाळून, पंचावर पसरून ऑक्टोबरच्या कडक उन्हात ठेवायचे. दुपारी दोन बोटांत चुरडून पाहायचे; कुरकुरीत चुरा झाला तर झाले. ते भाजण्याचा गॅस वाचला. २०२५च्या एप्रिलपासून मुंबईत घरगुती सिलिंडर ८५२ रुपये ५० पैशांना होता आणि दिवाळीचा आठवडा त्यावर भारी पडतो. त्याच वर्षी नारळ आणि खोबरं भलतंच महागलं. मग खोबऱ्याचे काप मूठभरच घालून शेंगदाणे, डाळं आणि कढीपत्ता वाढवला, पोह्यांत थोडे चुरमुरे मिसळले, तरी चिवडा चिवडाच राहतो.

राज्य सरकारनं २०२२च्या दिवाळीत शिधापत्रिकाधारकांना १०० रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला. त्यात रवा, हरभरा डाळ आणि साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल होतं. काही ठिकाणी संच उशिरा पोहोचल्याच्या तक्रारी झाल्या, पण त्या पिशवीतले जिन्नस विचारपूर्वक निवडलेले होते. निम्मी डाळ दळून शेव, उरलेल्या बेसनात रवा मिसळून पाकातले लाडू, बाकी रव्याचे शंकरपाळे. घरात पाव किलो तूप असलं की तीन डबे भरतात. २०२५मध्ये मात्र गणेशोत्सवात आणि दिवाळीत हा संच आला नाही, आणि त्यावर विसंबलेल्या घरांना तो जिन्नस पूर्ण भावानं आणावा लागला.

पुण्यात पूना मर्चंट्स चेंबर कितीतरी वर्षं दिवाळीत ना नफा ना तोटा तत्त्वावर लाडू आणि चिवडा विकतं. तिथल्या रांगेत नोकरीवरून परस्पर आलेल्या बायका असतात, एकटी राहणारी म्हातारी माणसं असतात. फराळ स्वस्तात करायचा तर हाताला वेळ हवा, आणि तो सगळ्यांकडे नसतो. दोन घरांत धुणंभांडी करून संध्याकाळी परतणाऱ्या बाईला ‘पोहे उन्हात ठेवा’ असं सांगताना हे विसरून चालत नाही. चाळींमधून यावर उपाय निघाला तो वाटून घेण्याचा. एकीनं चार घरांची भाजणी करायची, दुसरीनं सगळ्यांच्या करंज्या लाटायच्या, तळायला एकच कढई. चार कढया चार वेळा तापवण्यापेक्षा तेल आणि गॅस दोन्ही कमी लागतं.

राहिला प्रश्न रोख पैशाचा. कारखान्यातल्या कामगाराला कायद्यानं वर्षाच्या पगाराच्या किमान ८.३३ टक्के बोनस मिळतो, म्हणजे जवळपास एका महिन्याचा पगार. बोनस हातात पडला की किराण्याची यादी निघते. ज्यांना बोनसच नाही, त्या बायकांनी भिशी धरली. दर आठवड्याला ५० रुपये भरले तर पन्नास आठवड्यांत अडीच हजार जमतात आणि दसऱ्यानंतर ते रोख किंवा किराण्याच्या रूपात हाती येतात. सगळ्यांचे पैसे एकत्र करून ठोक बाजारातून तेलाचा १५ किलोचा डबा आणि साखरेचं पोतं आणलं तर किलोमागे आणखी चार पैसे सुटतात. यात फसवणूकही होते, पैसे गोळा करून माणूस पसार होतो. म्हणून जाणत्या बायका भिशी आपल्याच गल्लीत, ओळखीच्या बाईकडे ठेवतात आणि दर आठवड्याला वहीत आपल्या नावापुढे सही झालेली बघूनच उठतात.

भाऊबीज होते, माहेरवाशिणी परततात, डब्यांच्या तळाशी शेव-चिवड्याचा चुरा उरतो. त्याच आठवड्यात गल्लीतली नवी वही उघडते आणि पहिल्या पानावर पुढच्या दिवाळीचे पहिले ५० रुपये लिहिले जातात.