गोदाकाठचा उंट टोरंटोत उधळला!

नांदेडच्या घाटांना लागणारी गोदावरी आधी नाशिकला भेटून येते. त्याच नाशिकच्या विदित गुजराथीनं टोरंटोत झालेल्या २०२४च्या कँडिडेट्स बुद्धिबळ स्पर्धेत अमेरिकेच्या हिकारू नाकामुराला काळ्या मोहऱ्यांनी लोळवलं. त्या डावातल्या या गमतीजमती.

एक डाव, दोन तारखा
टोरंटोत ५ एप्रिलची दुपार, वाजले अडीच. नांदेडात मध्यरात्रीचे बारा, म्हणजे ६ एप्रिल! डाव लाइव्ह बघायचा तर जागरण ठरलेलं.

पाद्रीबुवांची शक्कल
डाव सुरू झाला रुय लोपेझ पद्धतीनं. रुय लोपेझ हा सोळाव्या शतकातला स्पॅनिश पाद्री. १५६१मध्ये त्यानं बुद्धिबळावर पुस्तक लिहिलं. त्याचा एक सल्ला भारी आहे: प्रतिस्पर्ध्याला असं बसवा, की ऊन थेट त्याच्या डोळ्यांवर येईल!

बर्लिनची भिंत
पांढऱ्याचा उंट काळ्याच्या घोड्यावर डोळा ठेवून बसतो. त्याला न हुसकावता काळा दुसरा घोडा बाहेर काढतो. झाला बर्लिन बचाव! २०००मध्ये लंडनला जगज्जेतेपदाच्या लढतीत क्रॅमनिकनं हीच भिंत उभारली. जगज्जेत्या कास्पारोव्हला १५ डावांत एकही विजय मिळाला नाही, जगज्जेतेपदही गेलं.

भिंतीआडून हल्ला
बर्लिन म्हटलं की बरोबरी, असा अनेकांचा समज. विदितनं मात्र एच३ घरातल्या प्याद्यावर थेट उंट घातला आणि नाकामुराच्या राजाचा आडोसाच मोडला. २९ चालींत खेळ खल्लास!

४७ला ब्रेक
त्याआधी नाकामुरा क्लासिकल प्रकारात सलग ४७ डाव अपराजित होता.

परतफेड? छे, पुन्हा मार!
नवव्या फेरीत दोघे पुन्हा समोरासमोर आले. या वेळी विदितकडे पांढरी मोहरी, निकाल तोच. १४ फेऱ्यांत नाकामुरा हरला दोनदाच, दोन्ही वेळा विदितकडून.

लढला नाशिककर, फावलं चेन्नईकराचं
विदितचे एकूण गुण झाले ६. नाकामुराचे साडेआठ. चेन्नईचा गुकेश ९ गुणांसह पहिला आला, जगज्जेत्याला आव्हान द्यायचा हक्क त्यानं मिळवला आणि डिसेंबरमध्ये सिंगापूरला जगज्जेता झाला. विदितशी एक डाव जरी बरोबरीत सुटला असता, तरी नाकामुरा गुकेशच्या बरोबरीला आला असता. तेव्हा गुकेशच्या पेढ्यांतला एखादा नाशिकला पाठवायला हरकत नव्हती!