फोग

फोग : (फोगडा, लॅ. कॅलिगोनम पॉलिगोनॉइडिस, कुल-पॉलिगोनेसी). रुक्ष, वालुकामय प्रदेशात वाढणारे हे बहुवर्षायू झुडूप सु. १–२ मी. (क्वचित ३ मी.) उंच असते. उपवासाच्या पिठाकरिता उत्तर भारतात प्रसिद्ध असलेला कुट्टू व महाराष्ट्रातील परिचित पालेभाजी चुका या वनस्पती याच कुलातील होत. शास्त्रीय नाव लिनीअस यांनी १७५३ मध्ये दिले. प्रजातीच्या नावाचा ग्रीक भाषेतील अर्थ ‘सुंदर सांध्यांची’ असा आहे. प्रसार पश्चिम आशियापासून पाकिस्तान व वायव्य भारतापर्यंत असून भारतात ते मुख्यतः राजस्थानातील बिकानेर, जैसलमेर, बारमेर, जोधपूर व चुरू या जिल्ह्यांत वाळूच्या टेकड्यांवर आढळते.

पाने अत्यंत लहान व लवकर गळणारी असल्याने झुडूप बहुधा पर्णहीन दिसते. अन्ननिर्मितीचे कार्य बारीक, सांधेदार, हिरव्या फांद्या करतात. त्यामुळे बाष्पोच्छ्‌वास कमी होतो. मुळे वाळूत दूरवर पसरतात. वाळूखाली गाडल्या गेलेल्या फांद्यांना नवी मुळे फुटतात व झुडूप पुन्हा वर येते. फुले लहान, गुलाबी किंवा पांढरट असून फेब्रुवारी–मार्चमध्ये येतात. परिदले ५, केसरदले १०–१८, किंजपुट चतुष्कोनी. फळावर शाखित राठ केसांचे दाट आवरण असल्याने ते वाऱ्याबरोबर गडगडत जाते व बीजप्रसार होतो.

कोवळ्या फांद्या उंट व शेळ्या खातात. फुले व कळ्या (फोगला) दह्यात किंवा ताकात घालून, तसेच भाजी करून खातात. लाकूड, विशेषतः मुळांचे, प्रखर उष्णता देते. तेच या वनस्पतीच्या ऱ्हासाचे एक कारण ठरले. कारण फांद्या तोडल्यास झुडूप पुन्हा फुटते, परंतु कोळशासाठी मुळेच खणून काढल्यास ते नष्ट होते. बैलाच्या वा उंटाच्या नांगराने मुळे बव्हंशी शाबूत राहत. ट्रॅक्टरच्या खोल नांगरटीने तीही उखडली जाऊ लागली. झुडूप नाहीसे झाले की वाळू मोकळी होऊन शेतांवर व वस्त्यांवर सरकते. म्हणून सरपणाचा हा तोटा अखेर जमिनीचाच तोटा ठरतो.

जोधपूर येथील केंद्रीय रुक्ष प्रदेश संशोधन संस्थेने (स्थापना १९५९) वाळूच्या टेकड्यांच्या स्थिरीकरणासाठी उपयुक्त ठरविलेल्या वनस्पतींत फोगाचा समावेश होतो. लागवड बिया किंवा छाट कलमे लावून करतात. वाढ मंद असल्याने सुरुवातीस गुरांपासून संरक्षण आवश्यक असते.