साथीच्या दिवसांत सायकल

एकाचा रोग दुसऱ्याला लागतो, दुसऱ्याचा तिसऱ्याला लागतो आणि पुष्कळ माणसे एकदम आजारी पडतात, त्याला साथ म्हणतात. साथीचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत.

आमचे गाव वाई-धोम रस्त्याला आहे. २०२० साली करोनाची साथ आली. २५ मार्चपासून देशात सगळे बंद झाले. मी तेव्हा अंगणवाडीत होतो. आज्जीच्या बीपीच्या गोळ्या संपल्या. औषधांची दुकाने उघडी होती, पण ती वाईला. एस.टी. बंद. मग दादा सायकलवर गेला. एकटाच गेला, डबलसीट कुणाला घेतले नाही. तोंडाला मास्क लावला. दुकानात सहा फूट लांब उभा राहिला. घरी आल्यावर हँडल पुसले आणि साबणाने हात धुतले. गोळ्या ओट्यावर ठेवल्या. आज्जी म्हणाली, "आरं, जवळ तरी ये की!" दादा म्हणाला, "आंघोळ करून येतो, आज्जी." आज्जीला करोना झाला नाही.

करोना श्वासातून पसरतो. खोकताना, शिंकताना, बोलताना बारीक थेंब उडतात. मोकळ्या हवेत ते पांगतात, म्हणून गच्च भरलेल्या गाडीपेक्षा सायकल बरी. पण अगदी चिकटून गप्पा मारत चालवली तर एकाचा श्वास दुसऱ्याला लागतो.

२०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळ्यांची साथ आली. मी मित्राच्या सायकलवर शिकत होतो. त्याचे डोळे आले होते. तो डोळे चोळायचा आणि हँडल धरायचा. मग तेच हँडल मी धरायचो आणि डोळे चोळायचो. माझे डोळे लाल झाले. सकाळी उघडायचेच नाहीत. माझा टॉवेल आज्जीने घेतला, तिचेही डोळे आले. मला लई वाईट वाटले. नुसते बघून डोळे येत नाहीत, हाताने आणि टॉवेलाने येतात, हे मला नंतर कळले.

म्हणून साथ आली तर ध्यानात ठेवा :

१. अंगात ताप असेल किंवा डोळे आले असतील तर सायकल घरीच ठेवा.
२. डबलसीट बसू नका. पुढच्या सायकलपासून लांब राहा.
३. दुसऱ्याची सायकल घेतली तर हँडल पुसा.
४. वाटेत थुंकू नका. हात तोंडाला, डोळ्यांना लावू नका.
५. घरी आल्यावर साबणाने वीस आकडे मोजेपर्यंत हात धुवा.

आता दादाची सायकल मला मिळाली आहे. माझे पाय अजून नीट पुरत नाहीत. पण घरी आलो की मी आधी हात धुतो, मगच आज्जीजवळ जातो.

— इयत्ता चौथी