बरोबरचं बटण नसलेला कॅल्क्युलेटर

राजूर गावावरूनच भंडारदरा धरणाचा रस्ता जातो. त्यामुळे पावसाळ्यात इथल्या चहाच्या टपरीवर पेढ्यांच्या भावाइतकीच धरणाची चौकशी होते. किती भरलं? विसर्ग कितीचा? उत्तरं क्युसेकमध्ये आणि दशलक्ष घनफुटांत येतात आणि सगळ्यांना समजतात. 1926 साली पुरं झालेल्या या धरणाची क्षमता 11,039 दशलक्ष घनफूट. आपण म्हणतो, अकरा टीएमसी.

आता एक साधा प्रश्न घ्या. धरण काठोकाठ भरलंय, वरून नवं पाणी येत नाही आणि खाली सतत 2,000 क्युसेक सोडलं, तर ते किती दिवस पुरेल? क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट आणि दिवसाचे सेकंद 86,400. नेहमीच्या कॅल्क्युलेटरवर 11039 गुणिले 1000000 भागिले 2000 गुणिले 86400 असं सरळ टाकत गेलात, तर उत्तर येतं 47,688 कोटी 48 लाख दिवस. चूक यंत्राची नाही. शेवटच्या दोन आकड्यांना कंस घालायचा राहिला. हिशेब चुकतो तो बहुतेक वेळा असाच, न दिलेल्या कंसात.

कंसाची गरजच न पडणारा एक कॅल्क्युलेटर आहे. त्यावर कंस नाही आणि बरोबरचं चिन्हही नाही. त्याऐवजी एक मोठं बटण असतं, एंटर. आधी आकडे द्यायचे, मग त्यांचं काय करायचं ते सांगायचं. या पद्धतीला रिव्हर्स पोलिश नोटेशन, थोडक्यात आरपीएन म्हणतात.

तोच हिशेब यावर करून पाहू. 11039, एंटर, 1000000, मग गुणिले. पडद्यावर येतं 11,03,90,00,000, म्हणजे धरणातलं एकूण पाणी घनफुटांत. आता सरळ 2000 टाका. आधीचं उत्तर पुसलं जात नाही, ते आपोआप एक पायरी वर सरकतं. एंटर, 86400, गुणिले. खाली आले 17,28,00,000, एका दिवसाचा विसर्ग. या क्षणी पडद्याकडे नीट बघा. वर अख्खं धरण, खाली एक दिवस. आता फक्त भागिले दाबा. 63.88. चौसष्ट दिवसांना थोडे कमी.

भाकऱ्यांची चळत असते तशी ही आकड्यांची चळत. नवा आकडा वर ठेवायचा आणि काढायचा तोही वरचाच. पडद्यावर मात्र ती उलटी दिसते, सगळ्यात ताजा आकडा तळाच्या ओळीत. क्रियेचं बटण दाबलं की सर्वांत ताजे दोन आकडे उचलले जातात आणि त्यांच्या जागी एक उत्तर येऊन बसतं. एवढाच नियम. कंसात कंस असलेला कितीही लांब हिशेब या एका नियमावर सुटतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

नावातला पोलिश शब्द यान लुकासिएविच या पोलिश तर्कशास्त्रज्ञामुळे आला. त्यांनी 1924 मध्ये क्रियेचं चिन्ह आकड्यांच्या आधी लिहून कंस हद्दपार केले. पुढे संगणकवाल्यांनी ते चिन्ह उलट्या टोकाला, शेवटी नेलं, म्हणून रिव्हर्स. 1972 मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचा एचपी-35 आला. खिशात मावणारा, साइन-लॉगरिदम काढणारा, किंमत 395 डॉलर आणि आत चार पायऱ्यांची चळत. इंजिनिअरांनी स्लाइड रूल बाजूला ठेवले ते यानंतर. त्याच घराण्यातला 1981 चा एचपी-12सी आजही वित्तक्षेत्रातल्या लोकांच्या टेबलावर दिसतो.

लोक म्हणतात, ही उलटी पद्धत डोक्यात बसत नाही. इंग्रजीत विचार करणाऱ्याला ती उलटी वाटत असेल. मराठी माणसाला का वाटावी? शाळेत आपण ‘पाच अधिक तीन’ लिहायला शिकलो खरे, पण हिशेब तोंडी सांगताना काय म्हणतो? पाचात तीन मिळव. आलेल्याला चारानं गुण. त्यातून दोन वजा कर. आकडे आधी, क्रियापद शेवटी. आरपीएनमध्ये हेच लिहायचं: 5, एंटर, 3, अधिक, 4, गुणिले, 2, वजा. उत्तर 30. आपल्या वाक्याचीच घडण आहे ही. पाढ्यातही ‘पाच त्रिक पंधरा’ म्हणताना दोन आकडे शेजारी ठेवले की उत्तर हजर. मध्ये चिन्ह नाहीच.

हे आपल्याकडे नवंही नाही. 1881 मध्ये पेशावरजवळच्या बख्शाली गावात भूर्जपत्रांवरचं एक जुनं गणिती हस्तलिखित सापडलं. त्यात बेरीज दाखवताना दोन संख्या लिहून त्यांच्यानंतर ‘यु’ लिहिलेलं आहे, म्हणजे युत, मिळवलेलं. पाच, सात, यु. एंटर तेवढं नाही.

असा कॅल्क्युलेटर टॅब्लेटवर अ‍ॅप म्हणूनही मिळतो. मग कोणतं घ्यावं? माझं मत स्पष्ट आहे, सुरुवात फ्री42 पासून करा. टॉमस ओकेन यांनी केलेलं हे अ‍ॅप फुकट आहे, अँड्रॉइडवर आणि आयपॅडवर चालतं आणि हिशेबाला इंटरनेट लागत नाही. आपल्या डोंगराळ भागात ही शेवटची गोष्ट पहिल्या नंबरची. ते 1988 च्या एचपी-42एस या कॅल्क्युलेटरसारखं वागतं, पण आतला हिशेब 34 अंकांपर्यंत ठेवतं. उणीव एकच. मूळ यंत्राच्या पडद्यावर दोनच ओळी होत्या, त्यामुळे सगळी चळत एकदम दिसत नाही. टॅब्लेटच्या एवढ्या मोठ्या काचेवर ती दिसायला हवी, नवशिक्याला तर हवीच. आयपॅडवर पैसे मोजायची तयारी असेल तर पीकॅल्कमध्ये आरपीएनची सोय आहे, अँड्रॉइडवर रिअलकॅल्कमध्ये आहे.

कोणतंही अ‍ॅप उतरवलं की आधी एक परीक्षा घ्या. 1, एंटर, 2, एंटर, 3, एंटर, 4, एंटर, 5 असं टाका आणि अधिकचं बटण चार वेळा दाबा. उत्तर 15 आलं, तर चळत हवी तितकी उंच होते. 16 आलं तर घाबरू नका, अ‍ॅप बिघडलेलं नाही. त्याची चळत जुन्या यंत्रांसारखी चारच पायऱ्यांची आहे. पाचवा आकडा आला तेव्हा पहिला, म्हणजे 1, चळतीतून पडून गेला आणि बेरजेत उरलेल्यांतल्या सगळ्यात जुन्या 2 ची नक्कल होत राहिली. फ्री42 मूळ रूपात 16 च देतं. त्यातली एनएसटीके ही आज्ञा दिली की मर्यादा उठते आणि 15 येतात.

दुसरं पाहायचं ते एंटरच्या बटणाचा आकार आणि तिसरं, चुकलेली पायरी मागे घेता येते का. बाकी रंगरूपाकडे लक्ष देऊ नका.

पहिले दोन दिवस हात बरोबरचं चिन्ह शोधत राहील. तेव्हा बटणं दाबताना हिशेब मराठीत, मोठ्यानं म्हणा. आणि यंदा भंडारदऱ्यातून विसर्ग सुटल्याची बातमी आली की तो आकडा घेऊन बसा, धरण किती दिवस पुरेल ते स्वतः काढून पाहा.