अर्धशिशी आणि रक्तवाहिन्यांचे आरोग्य

खानदेशात मे महिना आला की पारा पंचेचाळिशीकडे झुकतो. जळगावच्या दाणा बाजारात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर भरदुपारी गादीवर बसलेला व्यापारी डोके धरून आतल्या खोलीत जातो. घरात गृहिणी पडदे ओढून अंधारात पडून राहते. ‘ऊन लागले’, ‘पित्त झाले’ असे म्हणून एखादी गोळी घेतली जाते. परंतु अर्धे डोके ठणकणे, मळमळणे, उजेड व आवाज असह्य होणे ही लक्षणे वारंवार उद्भवत असतील, तर ती अर्धशिशी, म्हणजेच मायग्रेन, असण्याचा संभव असतो. सुश्रुतसंहितेत ‘अर्धावभेदक’ या नावाने असा शिरोरोग सांगितला आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत अर्धशिशी सुमारे तिपटीने अधिक आढळते.

मेंदूच्या रक्तवाहिन्या आधी आकुंचन पावतात, मग फुगतात व त्यामुळे कळा येतात, असे मत अमेरिकेचे डॉ. हॅरॉल्ड वुल्फ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडले. पुढील संशोधनाने त्यात मज्जातंतूंची भर घातली. झटक्याच्या वेळी रक्तात ‘सीजीआरपी’ नावाचे द्रव्य वाढते, असे पीटर गोड्सबी व लार्स एडविन्सन यांनी १९९० मध्ये दाखविले. चेहरा व मेंदूचे आवरण यांना संवेदना देणाऱ्या मज्जातंतूच्या टोकांतून ते स्रवते, वाहिन्या रुंदावते आणि वेदना वाढविते. या द्रव्याला रोखणारी औषधे आता उपलब्ध आहेत.

वाहिन्यांचे आतील अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करून त्यांना सैल ठेवते. हृदयरोग्याने जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवल्यावर डोके का ठणकते, याचे उत्तर येथेच आहे. ती गोळी शरीरात हेच द्रव्य निर्माण करते. उलट, अर्धशिशीवरील ट्रिप्टान गोळ्या वाहिन्या आकुंचित करतात. म्हणून हृदयरोग्याने शेजाऱ्याची गोळी मागून घेणे धोक्याचे आहे.

काहींना दुखण्यापूर्वी डोळ्यांपुढे चमकत्या, नागमोडी रेषा दिसतात. यास ‘ऑरा’ म्हणतात. अशा रुग्णांना रक्ताच्या गुठळीने होणाऱ्या पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. तरुण वयात मूळ धोकाच अल्प असल्याने भयभीत होण्याचे कारण नाही. मात्र धूम्रपान व इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या तो वाढवितात. म्हणून ऑराची गोष्ट सुनेने वा लेकीने संकोच न बाळगता डॉक्टरांना सांगावी आणि रक्तदाब तपासून घ्यावा.

जेवणाची वेळ चुकणे, पाणी कमी पडणे, जागरण व कडक ऊन यांनी झटका येऊ शकतो. त्यामुळे पर्युषणातील चौविहार उपवासापूर्वी अशा व्यक्तींनी डॉक्टरांचा सल्ला घेऊन आपल्या शक्तीनुसार पच्चक्खाण घ्यावे. महिन्यातून दहा-पंधरा दिवस वेदनाशामक घेत राहिल्यास त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडते. रोजमेळ लिहावा तशी दुखण्याची तारीख, आहार, झोप व औषध यांची नोंद ठेवावी. निदानास ती फार उपयोगी पडते.

आणि तोंड वाकडे झाले, हातातील बळ गेले, बोबडी वळली किंवा पूर्वी कधी नव्हे इतके डोके एकाएकी दुखू लागले, तर अर्धशिशी समजून थांबू नये. रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.