पिसांचा डायनोसॉर तपासताना

बीडजवळच्या पालीत डायनोसॉरचे जीवाश्म शोधण्यात अर्थ नाही. तिथला काळा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. पण पिसांच्या डायनोसॉरचं खेळणं तपासायचं साधन तिथं दारोदारी फिरतं: कोंबडी!

समजा, खेळणं व्हेलॉसिरॅप्टरचं आहे. १९९३च्या ‘ज्युरासिक पार्क’ चित्रपटात तो पिसांविना आणि माणसाएवढा उंच दाखवला होता. २००७ साली मात्र मंगोलियातल्या जीवाश्मात, हाताच्या हाडावर, ओळीनं उंचवटे असल्याचं दिसलं. अनेक पक्ष्यांमध्ये अशाच उंचवट्यांवर पंखांची पिसं घट्ट बसतात. तेव्हा खेळण्याच्या हातांवर लांब पिसं हवीतच.

आता तळवे पाहा. टाळी वाजवताना असतात तसे समोरासमोर हवेत, जमिनीकडे वळलेले नकोत. मग पाय. चिखलात कोंबडीची पुढची तीन बोटं उमटतात. याची दोनच उमटायला हवीत, कारण कोयत्यासारख्या नखीचं बोट तो उचलून धरत असे. शेवटी लांबी. खरा प्राणी शेपटीसह सुमारे २ मीटर होता. खेळणं २० सेंटिमीटर असेल, तर प्रमाण १:१०.

राहिला रंग. सायनोसॉरोप्टेरिक्स या डायनोसॉरच्या शेपटीवरचे तांबूस-पांढरे पट्टे २०१० साली जीवाश्मातल्या रंगकणांवरून कळले. व्हेलॉसिरॅप्टरबाबत तसा पुरावा नाही. त्याचा रंग हा बनवणाऱ्याचा अंदाज.

फळ्यावर दोन रकाने आखा: ‘पुरावा’ आणि ‘अंदाज’. कोणती गोष्ट कुठं लिहायची, ते मुलांनाच ठरवू द्या. आणि प्रत्येक वेळी विचारा, “कशावरून?”